घाट, गट आणि गणित

मोटारसायकलींवरून मित्रांसह आठवडाभर डोंगरात भटकून यावे, असा बेत आपल्या महाविद्यालयाच्या सायकल-स्टँडवर दरवर्षी निदान दहादा तरी शिजतो. त्यांतील बहुतेक बेत चहाच्या कपाबरोबर संपतात. जे तडीस जातात त्यांतही आखणीचा भाग बहुधा ‘किती वाजता निघायचे’ एवढ्या प्रश्नापुरता असतो. गतवर्षी दिवाळीच्या सुटीत आम्ही नऊ जणांनी सहा गाड्यांवर मेळघाटाला सात दिवसांची प्रदक्षिणा घातली. तिचे प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा विचार नाही. चिखलदऱ्याच्या धुक्याचे वर्णन या अंकात माझ्याहून चांगले लिहिणारे अनेक आहेत. मी भूगोलाचा विद्यार्थी. तेव्हा निघण्याआधी दीड महिना आम्ही जे कागद खरडले, जी बेरीज-वजाबाकी केली आणि ज्या एका प्रश्नावरून आमचे दोन दिवस कडाक्याचे वाद झाले, त्यांचा हा अभ्यास मित्रांपुढे आणि गुरुजनांपुढे ठेवीत आहे.

प्रदेशाची ओळख

अमरावती, अकोला ही आपली गावे पूर्णा नदीच्या सपाट, काळ्या मातीच्या खोऱ्यात आहेत. उत्तरेला आडवी भिंत दिसते ती सातपुड्याची गाविलगड रांग. सातपुड्याच्या पायथ्याशी परतवाडा आणि अकोट ही दोन दारे आहेत. भिंतीपलीकडे उतरती, दाट सागवनाची भूमी आहे. तिच्यातून खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार या नद्या वाहतात आणि त्यांचे पाणी शेवटी तापीला मिळते. घाटांचा जिथे मेळ होतो तो मेळघाट, अशी या नावाची फोड सांगतात. १ एप्रिल १९७३ रोजी देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. त्यात निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता. म्हणजे ज्या रस्त्याने आपण जाणार तो आपल्यासाठी सहलीचा असला, तरी तेथील कोरकू गावांसाठी तो दवाखान्याचा व बाजाराचा रस्ता आहे, आणि वन्य प्राण्यांना तर तो ओलांडूनच पाण्यावर जावे लागते. आखणीचा आरंभ या जाणिवेपासून व्हावा.

आम्ही ठरविलेला मार्ग असा: अमरावतीचे मित्र थेट परतवाड्याला, अकोल्याचे मित्र दर्यापूर–अंजनगाव सुर्जीवरून परतवाड्याला, आणि तेथून एकत्र चिखलदरा. पुढे सेमाडोह, कोलकास, हरिसाल करीत धारणी. धारणीहून मध्य प्रदेशात बऱ्हाणपूर. बऱ्हाणपूरहून जळगाव जामोदकडे उतरून सातपुड्याच्या पायथ्याने अकोट, आणि शेवटी नरनाळा पाहून अकोला व अमरावती.

अकोट ते हरिसाल असा डोंगर आरपार कापणारा रस्ताही आहे आणि नकाशावर तो फार मोहक दिसतो. परंतु तो व्याघ्र प्रकल्पाच्या ऐन पोटातून जातो. अशा रस्त्यावर नाक्याच्या वेळा आणि बंधने वन विभाग ठरवितो, आणि ती बदलू शकतात. जे दार उघडणे आपल्या हाती नाही त्यावर सात दिवसांचा बेत टांगू नये, म्हणून आम्ही बऱ्हाणपूरचा लांबचा वळसा पत्करला. जंगल-सफारीच्या आतल्या वाटांवर दुचाकी नेता येत नाही, हेही आधीच सर्वांना सांगून ठेवावे. म्हणजे तेथे जाऊन रुसवाफुगवा होत नाही.

ऋतू आणि उजेड

पावसाळ्यात चिखलदरा सर्वांत सुंदर दिसते. पण नवशिक्याने गाडी नेण्यास तो काळ सर्वांत वाईट, कारण धुक्यात वीस पावलांपुढचे दिसत नाही आणि वळणांवर माती वाहून आलेली असते. उन्हाळ्यात पायथ्याचे ऊन माणसाला व टायरला दोघांनाही सोसवत नाही. दिवाळीनंतरचे दिवस त्यातल्या त्यात उत्तम. नाल्यांना पाणी असते, रस्ते वाळलेले असतात, हवा स्वच्छ असते.

मात्र या दिवसांत उजेड थोडा असतो. नोव्हेंबरच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि पावणेसहा वाजण्यापूर्वीच मावळतो. म्हणजे हाती आले सुमारे अकरा तास. घाटात सूर्य डोंगराआड त्याहून लवकर जातो, आणि सांबर-गव्यांच्या हालचालीला वेगही संध्याकाळी येतो. सकाळी रस्त्यावर दव असते. म्हणून आम्ही सकाळी आठच्या आधी निघायचे नाही आणि दुपारी चारच्या पुढे गाडी चालवायची नाही, असा नियम केला. त्यामुळे अकराचे आठ तास उरले. जेवण आणि विसावा वजा जाता पाच. घाटात गटाने जाताना सरासरी वेग ताशी २५ किलोमीटरच्या वर धरू नये. म्हणजे निव्वळ घाटाचा दिवस असेल तर सव्वाशे किलोमीटर ही अगदी टोकाची मर्यादा, आणि शहाणपणाची मर्यादा शंभराच्या आत.

मोबाइलचा नकाशा चिखलदरा ते धारणी हे सुमारे ८५ किलोमीटरचे अंतर काही तासांत पार करून देतो. तो एका गाडीचा वेळ सांगतो. गटाचा वेळ निराळा असतो. सहा गाड्यांतील प्रत्येकाने आपापल्या सोयीने एकेकदा दहा मिनिटे थांबायचे म्हटले की सर्वांचा एक तास जातो. तेच ठरलेल्या जागी सर्वांनी एकदम थांबले तर पंधरा मिनिटांत भागते. म्हणून थांबे निघण्यापूर्वीच कागदावर हवेत.

‘सगळ्यात कच्चा कोन हाय?’

आता त्या वादाच्या प्रश्नाकडे वळतो. माझे वडील एस.टी.त चालक होते. परतवाडा–धारणी रस्त्यावर त्यांनी अनेक वर्षे गाडी चालविली. आमचा आराखडा घेऊन आम्ही त्यांच्यापुढे बसलो. त्यांनी नकाशाकडे पाहिलेही नाही. म्हणाले, “पोट्टेहो, तुमच्यात सगळ्यात कच्चा कोन हाय, ते आधी सांगा. मंग मी रस्ता सांगतो.”

सर्वांच्या नजरा एकाकडेच वळल्या. दर्यापूरजवळच्या खेड्यातला आमचा हा मित्र. त्याचा परवाना सहा महिन्यांचा, आणि घाटात त्याने कधी गाडी घातलेली नव्हती. गाडी शंभर सी.सी.ची, बरीच जुनी, आणि ती त्याची नव्हे, घराची होती. सकाळ-संध्याकाळ तिच्यावरून दूध संकलन केंद्रावर जाते, आणि दिवाळीनंतर कापूस वेचणीच्या दिवसांत तर ती घडीभर उभी राहत नाही. दुसऱ्या दिवशी तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “मी राह्यतो. माह्या गाडीवर घरचं दूध जाते. तिले काही झालं तं बापाले काय सांगू?”

गटात दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणे, त्याला कुणाच्या तरी मागे बसवून न्यावे. दुसरा म्हणे, त्याची अडचण खरी आहे, त्याला ओढू नये. दोन्ही पक्ष चांगुलपणानेच बोलत होते. पण मला राहून राहून वाटे की, या दोन्हींत बेत तसाच राहतो आणि माणूस तेवढा बदलतो. वडिलांच्या प्रश्नाचा रोख याच्या उलट होता. आराखडा त्या माणसाच्या मापाने बदलला तर? या बाबतीत गटप्रवास साखळीसारखा असतो. साखळीतल्या सर्वांत दुबळ्या कडीवर आखणी केली की सर्वच सुरक्षित होतात. सर्वांत सबळ कडीवर केली तर ती एका जणालाच लागू पडते.

इतिहासातही याला दाखला सापडतो, आणि तो याच डोंगरातला आहे. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने गाविलगड घेतला. गडाची उत्तरेची बाजू गाठण्यासाठी कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेला तोफा घेऊन डोंगरातून जावे लागले. घोडेस्वार जे अंतर सहज तोडतील त्यासाठी त्या फौजेने रस्ता करीत, तोफा ओढीत कित्येक दिवस घालविले. १५ डिसेंबरला गड पडला आणि १७ तारखेला देवगावचा तह झाला. त्या फौजेचा वेग घोड्यांनी ठरविला नाही. तो तोफांच्या गाड्यांनी ठरविला, आणि ज्याने हे आधी मोजले त्याची मोहीम वेळेवर पोचली. शेगावहून पंढरपूरला जाणारी श्री गजानन महाराजांची पालखी आपण वऱ्हाडातले सर्वजण पाहतो. तिच्या ओळी मोडत नाहीत, कारण चाल सर्वांना झेपेल अशीच असते.

दुधाचा प्रश्न साध्या रीतीने सुटला. अमरावतीच्या एका मित्राच्या घरी टी.व्ही.एस. एक्स.एल. पडून होती. ती आठ दिवसांसाठी त्या खेड्यात पोचविली, आणि कॅन तिच्यावरून गेले. घाटाचा सराव एका रविवारी परतवाडा ते चिखलदरा असा चढून-उतरून केला. वेग ताशी २५. त्या दिवशी मित्राने ज्या वेगाने सुखाने गाडी चालविली तोच आमच्या पुढील सर्व हिशेबांचा वेग ठरला. वर दिलेला पंचवीसचा आकडा पुस्तकातून आलेला नाही, तो तेथून आला.

पेट्रोलचे गणित

सर्वांत लहान टाकीच्या गाडीवर पेट्रोलचा बेत करावा, असे सर्रास सांगतात. हिशेब केल्यावर आम्हाला निराळे दिसले. आमच्यातील बुलेटची टाकी सुमारे १३ लिटरची. घाटात लिटरला ३० धरले तर पल्ला ३९० किलोमीटर. शंभर सी.सी.ची टाकी सुमारे १० लिटरची. घाटात लिटरला ४० धरले तर पल्ला ४००. टाकी लहान, पण पल्ला थोडा जास्तच. आणि दोन वर्गभगिनी ज्या स्कूटरवर होत्या तिची टाकी ५ लिटरची. लिटरला ३५ धरले तर पल्ला १७५. म्हणजे पेट्रोलच्या बाबतीत जुनी शंभर सी.सी. मुळीच कच्ची नव्हती. कच्ची होती ती नवी कोरी स्कूटर. प्रत्येक बाबतीत दुबळी कडी वेगळी असते, आणि ती मोजल्याखेरीज दिसत नाही.

पल्ल्याच्या दोन-तृतीयांशापेक्षा जास्त अंतर जमेत धरू नये, उरलेला तिसरा हिस्सा चुकलेल्या वाटेसाठी व परत फिरण्यासाठी राखावा, असा नियम आम्ही केला. स्कूटरचे दोन-तृतीयांश म्हणजे ११७ किलोमीटर. परतवाड्याला टाकी भरली की पुढचा भरवशाचा पंप धारणीचा, असे धरून चाललो. वाटेत मिळाले तर उत्तम, पण ते हिशेबात नाही. परतवाडा ते चिखलदरा सुमारे ३०, चिखलदरा ते धारणी सुमारे ८५, एकूण ११५. मर्यादेच्या जेमतेम आत. परंतु चिखलदऱ्यात पॉइंट पाहत तीसेक किलोमीटर फिरले की बेरीज १४५ होते आणि नियम मोडतो. उपाय सोपा होता. चिखलदऱ्यात स्कूटर मुक्कामी उभी करायची आणि दोघींनी दुसऱ्या गाड्यांवर मागे बसायचे. बाटलीत पेट्रोल भरून नेण्याची सूचना एकाने केली होती, ती एकमताने फेटाळली. सामानाच्या पिशवीत पेट्रोलची बाटली घेऊन वाळलेल्या पाल्याच्या जंगलात शिरणे हे आपल्याही जिवावर आणि जंगलाच्याही जिवावर बेतणारे आहे.

चढापेक्षा उतार अवघड

नवशिक्याला चढाची भीती वाटते. खरी परीक्षा उतारावर असते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंच आहे. तेथून पायथ्याशी येईपर्यंत गाडी सुमारे ७०० मीटर खाली उतरते. गाडी, दोन माणसे आणि सामान मिळून २५० किलो वजन धरले, तर एवढ्या उतारात सुमारे १७ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. घरगुती भाषेत सांगायचे तर पाच लिटर साधे पाणी उकळायला जेवढी उष्णता लागते तेवढी. वारा आणि टायरचे घर्षण तिचा काही वाटा उचलतात. बाकीची कुठे जाणार? इंजिनला उचलू दिली नाही तर ती सगळी ब्रेकमध्ये जाते. ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक, विशेषतः जुन्या गाडीचा ड्रम ब्रेक, दाबूनही धरत नाही.

म्हणून चालकांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जाणारा नियम आहे: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचविण्यासाठी इंजिन बंद करून किंवा क्लच दाबून गाडी घरंगळत सोडणे म्हणजे त्या पाच लिटर पाण्याखालचा सगळा विस्तव ब्रेकखाली लावणे होय. आमच्या स्कूटरला गिअर नव्हते, त्यामुळे तिला इंजिनची मदत कमी मिळणार हे उघड होते. तिच्यासाठी उतारावर दर पाच-सहा किलोमीटरला ब्रेक निवविण्याचा थांबा ठेवला, आणि तो थांबा सर्वांचा ठेवला.

दुसरे गणित दृष्टीच्या अंतराचे. ब्रेक लावावा असे मनात येऊन हातपाय हलेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर बेताच्या ब्रेकने गाडी थांबते असे धरून आम्ही आकडे काढले. ताशी ३० वेगाला एकूण सुमारे १५ मीटर लागतात, ४० वेगाला २३ मीटर, आणि ६० वेगाला ४५ मीटर. वेग दुप्पट होताच थांबण्याचे अंतर तिप्पट झाले. आता घाटातल्या वळणावर पुढचा ४५ मीटर रस्ता दिसतो असे समजा. साठच्या वेगाने आपण बरोबर त्या टोकाला थांबू. पण समोरून येणाऱ्यालाही तेवढाच रस्ता दिसतो आणि अरुंद रस्त्यावर तोही मधोमध असू शकतो. म्हणजे आपल्या वाट्याला अर्धा रस्ता, साडेबावीस मीटर. त्यात चाळीसच्या वेगालाही गाडी थांबत नाही. सागाचा वाळलेला पाला किंवा खडी पडलेली असेल तर हिशेब आणखी कोसळतो. वळणावर तीसच्या वर जायचे नाही, हा नियम भित्रेपणाने केलेला नाही, तो या भागाकारातून निघाला आहे. अरुंद घाटात उतरणाऱ्याने चढणाऱ्याला आधी वाट द्यावी, हा वाहतुकीचा नियम आहे. आंधळ्या वळणावर एकच आखूड हॉर्न द्यावा. जंगलात उगाच वाजवीत जाऊ नये.

हेल्मेटविषयी एवढेच सांगतो की, मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही लागू आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्यासाठीचा दंड वाढविला. पण दंड हे हेल्मेट घालण्याचे सर्वांत क्षुल्लक कारण आहे. आमच्यात नऊ माणसे होती, म्हणून नऊ हेल्मेटे हा निघण्याचा पहिला नियम होता.

ओळ कशी लावावी

सहा गाड्या एका घोळक्यात जाऊ लागल्या की वाट अडते आणि स्पर्धा सुरू होते. आम्ही घाटात एकामागे एक अशी ओळ ठेवली. सर्वांत पुढे रस्ता जाणणारा, शांत डोक्याचा चालक. दुसऱ्या क्रमांकावर आमचा दर्यापूरचा मित्र. नवख्याला शेवटी ठेवले तर पुढच्यांना गाठण्याच्या भरात तो आपल्या ताकदीबाहेर वेग घेतो. दुसऱ्या जागी ठेवले की पुढारी आरशात त्याला पाहून आपला वेग ठरवितो, आणि मागचे सारे आपोआप त्या वेगाने चालतात. तिसरी स्कूटर. सर्वांत मागे सर्वांत अनुभवी चालक, त्याच्याजवळ अवजारे आणि प्रथमोपचाराची पेटी. त्याच्या मागे कुणी नाही, एवढे सर्वांना ठाऊक असले की पुरे.

प्रत्येकाने आपल्या आरशात मागच्या गाडीचा दिवा सांभाळायचा. दिवा दिसेनासा झाला की वेग कमी करायचा, तरीही न दिसल्यास सुरक्षित जागी थांबायचे. असे एकेक थांबत गेले की निरोप न पाठविता तो पुढाऱ्यापर्यंत पोचतो. मेळघाटात बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, तेव्हा हीच आमची तारयंत्रणा. घटांगकडचा फाटा, सेमाडोह, हरिसाल, देडतलाई अशा फुटणाऱ्या वाटांवर मागची गाडी दिसेपर्यंत कुणी हलायचे नाही, असे ठरले. ताटातूट झालीच तर शेवटच्या ठरलेल्या थांब्यावर परत यायचे, कुणी कुणाला शोधीत फिरायचे नाही.

अवजारांत प्रत्येक गाडीच्या मापाची क्लच व अॅक्सिलरेटरची वायर, प्लग, ट्यूब, पंक्चरचे सामान, हवेचा पंप, चेनचे तेल आणि दोरी. नाव, रक्तगट आणि घरचा क्रमांक असलेली चिठ्ठी प्रत्येकाच्या खिशात. १०८ आणि ११२ हे क्रमांक पाठ. सर्वांच्या गाड्यांचे विमापत्र, प्रदूषण प्रमाणपत्र आणि चालकांचे परवाने निघण्याआधी एका मैत्रिणीने तपासून वहीत नोंदले. ज्याचा कागद अपुरा त्याची गाडी नाही, यात मैत्री आड येऊ दिली नाही.

पैशाचा हिशेब

हा विषय सभ्यपणाच्या पडद्याआड राहतो आणि बेत मोडण्याचे खरे कारण बहुधा तोच असतो. पेट्रोल ज्याचे त्याने भरायचे म्हटले तर बुलेटवाल्यावर भार जास्त. मागे बसणाऱ्याने द्यायचे काय, हा प्रश्नही उरतो. आम्ही सर्व पेट्रोल एका खात्यात धरून नऊ डोक्यांत भागले. मुक्काम आणि जेवण सर्वांत कमी खर्च करू शकणाऱ्याच्या खिशाने ठरविले, आणि तो कोण हे उघड होऊ नये म्हणून प्रत्येकाने आपापला जास्तीत जास्त आकडा चिठ्ठीवर नाव न घालता लिहिला. नऊ चिठ्ठ्यांतील सर्वांत लहान आकडा हे आमचे अंदाजपत्रक झाले. गाडीची मोडतोड झाली तर खर्च सामायिक खात्यातून, असे लेखी ठरविले. दर्यापूरच्या मित्राच्या मनावरचे ओझे एक्स.एल.ने अर्धे उतरविले होते. उरलेले अर्धे या एका ओळीने उतरविले, असे तो मागाहून म्हणाला.

मोकळा दिवस

सात दिवसांत सहाच दिवसांची कामे आखावीत. आमचा क्रम असा होता: पहिल्या दिवशी चिखलदरा, दुसऱ्या दिवशी तेथेच मुक्काम व गाविलगड पायी, तिसऱ्या दिवशी धारणी, चौथ्या दिवशी बऱ्हाणपूर, पाचवा दिवस मोकळा, सहाव्या दिवशी अकोट, सातव्या दिवशी सकाळी शहानूरच्या बाजूने नरनाळा आणि संध्याकाळी घर. मोकळा दिवस घाटाच्या अवघड टप्प्यानंतर ठेवला, कारण अडचण आली तर ती तोपर्यंतच्या वाटेवर येण्याचा संभव अधिक. काहीच न घडल्यास तो अशीरगडासाठी, हेही ठरलेले होते.

प्रत्यक्षात काय घडले? हरिसालच्या अलीकडे जुन्या शंभर सी.सी.ची क्लच वायर तुटली. पिछाडीच्या चालकाने ती बरोबर आणलेल्या वायरने अर्ध्या तासात बदलली, आणि चारच्या आत आम्ही धारणीत होतो. बऱ्हाणपूरला अकोल्याच्या एका मित्राला ताप भरला. मोकळा दिवस त्याच्या उशाशी गेला. अर्धे जण आळीपाळीने कुंडी भंडाऱ्याची १६१५ सालची भुयारी पाणी-योजना पाहून आले, अशीरगड मात्र राहिला. त्याची हळहळ वाटली. पण मोकळा दिवस नसता तर तापलेल्या माणसाला गाडीवर बसवून घाट उतरावा लागला असता. शेवटच्या दिवशी अकोल्याहून अमरावतीपर्यंत राष्ट्रीय महामार्ग ५३ लागला. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर ७५ किलोमीटरचा पट्टा अखंड डांबरीकरण करून १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण झाला आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. सहा दिवस घाटात चाललेल्या चालकाला असा सरळ रस्ता मोहात पाडतो. म्हणून शेवटच्या दिवशी ओळ आणि क्रम तोच ठेवावा. घर जवळ आले की माणूस सैल होतो.

पाहुण्याचे वर्तन

मेळघाटातील लोकांविषयी वृत्तपत्रांतून आपण बहुधा कुपोषणाच्याच बातम्या वाचतो. त्यामुळे तेथे जाताना कुतूहल आणि कीव यांचे मिश्रण मनात असते. दोन्ही वाईट. कुणाच्या अंगणात न विचारता छायाचित्र काढू नये, मुलांना गोळ्या वाटीत आणि माकडांना बिस्किटे टाकीत जाऊ नये. त्याऐवजी जेवण, चहा, पंक्चर यांसाठी गावातल्याच टपरीवर पैसे खर्च करावेत. सिपना या नदीच्या नावाचा अर्थ कोरकू भाषेत साग असा होतो, हे आम्हाला सेमाडोहच्या चहावाल्याने सांगितले. आमच्यातला कचरा आम्ही एका पोत्यात भरून परतवाड्याऐवजी थेट बऱ्हाणपूरला उतरविला. जड गेले नाही.

निष्कर्ष

या सर्व खटाटोपातून निघणारा धडा एका वाक्यात मांडता येतो. आखणीच्या प्रत्येक बाबतीत प्रथम सर्वांत दुबळी कडी शोधावी आणि तिच्या मापाने बेत करावा. वेगाच्या बाबतीत ती नवखा चालक असेल, पेट्रोलच्या बाबतीत नवी स्कूटर, ब्रेकच्या बाबतीत गिअर नसलेली गाडी, वेळेच्या बाबतीत नोव्हेंबरचा लहान दिवस, पैशाच्या बाबतीत न बोलणारा मित्र. ही कडी बहुधा प्रत्येक वेळी वेगळ्या माणसाजवळ असते. म्हणून कुणी कायमचा कच्चा ठरत नाही आणि कुणी कायमचा पक्काही राहत नाही. बुलेटवाला आमचा सर्वांत तरबेज चालक. पण पहाटे उठण्याच्या बाबतीत आम्ही सर्व बेत त्याच्याच मापाने केले, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल.

येत्या दिवाळीत ज्यांना जायचे असेल त्यांनी जरूर जावे. वाटेची अंतरे, थांबे आणि अवजारांची यादी असलेली आमची वही भूगोल विभागात ठेवली आहे. ती चाळावी, आणि आपल्या गटापुरता पहिल्या पानावरील प्रश्न नव्याने सोडवावा. तो प्रश्न वऱ्हाडीत लिहिला आहे, आणि त्याचे उत्तर प्रत्येक गटाला आपापलेच काढावे लागते.